नाणं घ्यायचंय, पण ९९९, ९९५ की ९१६? मावशीबरोबर इंदूरच्या सराफ्यात फिरून केलेला हिशोब

मावशी शाळेतून रिटायर झाली, ग्रॅच्युइटीचे पैसे आले आणि तिने ठरवलं की त्यातल्या थोड्या पैशांची सोन्याची नाणी घ्यायची. दागिने नकोत, घडणावळ वाया जाते म्हणाली, जे अगदी बरोबर आहे. मग छोट्या सराफ्यातल्या तीन दुकानांत जाऊन आली आणि संध्याकाळी मला फोन, "अरे, एकजण म्हणतो ९९९ घ्या, दुसरा म्हणतो ९९९.९ घ्या, तिसरा म्हणतो आंटीजी सब सेम ही है, ९१६ ले लो, बाद में जेवर बन जाएगा. तू ये आणि बघ." त्या तिसऱ्याचं सब सेम ऐकूनच मी स्कूटर काढली, कारण सेम काहीच नसतं. पण खरं सांगू का, लोक ज्या गोष्टीवरून भांडतात, म्हणजे ९९९ की ९९९.९, तो फरक सगळ्यात छोटा असतो आणि मोठा पैसा भलतीकडेच जातो. तेच इथे नीट, क्रमाने लिहितोय, कारण मावशीनंतर अजून चार नातेवाइकांनी हेच विचारलं आणि प्रत्येकाला फोनवर सांगून थकलो.

आधी आकडे समजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे

आपण बोलताना बावनकशी सोनं म्हणतो, शंभर नंबरी म्हणतो, पण व्यवहारात शंभर टक्के सोनं नसतंच. शुद्धता हजारात मोजतात. ९९९ म्हणजे हजार भागांत ९९९ भाग सोनं, ९९५ म्हणजे ९९५ भाग. हे दोन्ही २४ कॅरेटमध्येच येतात, त्यामुळे दुकानदार नुसतं "चोवीस कॅरेट है" म्हणाला तर त्यावरून काहीच कळत नाही, पुढचा प्रश्न लगेच विचारायचा, कितीचं? ९१६ म्हणजे २२ कॅरेट, कारण २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६. बाकीचे आठ-साडेआठ टक्के तांबं, चांदी वगैरे, सोन्याला कडकपणा यावा म्हणून.

आता दहा ग्रामच्या नाण्यात चोख सोनं किती ते बघा. ९९९.९ मध्ये ९.९९९ ग्राम, ९९९ मध्ये ९.९९ ग्राम, ९९५ मध्ये ९.९५ ग्राम आणि ९१६ मध्ये ९.१६ ग्राम. हिशोब सोपा जावा म्हणून ९९९ चा भाव ग्रामला १०,००० रुपये धरतोय (आजचा भाव तुम्ही तुमचा टाका, पद्धत तीच). मग ९९९.९ आणि ९९९ मधला फरक झाला ०.००९ ग्राम, म्हणजे नव्वद रुपये. लाख रुपयांच्या नाण्यावर नव्वद रुपये! ९९९ आणि ९९५ मध्ये चारशे. ९९९ आणि ९१६ मध्ये मात्र आठ हजारांच्या वर, तो फरक खरा आणि तो भावात उतरलाच पाहिजे.

आणि ९९५ ऐकून नाक मुरडू नका. लंडनच्या बाजारात जे साडेबारा किलोच्या आसपासचे मोठे बार चालतात, जे देशांच्या तिजोऱ्यांमध्ये पडलेले असतात, त्यांची किमान अटच ९९५ आहे. आपल्या गोल्ड ईटीएफमधलं (शेअर बाजारात युनिट विकणारे सोन्याचे फंड) सोनंही ९९५ किंवा त्याच्या वर. म्हणजे ९९५ हे हलकं सोनं नाही, फक्त ते ९९५ च्या भावाने मिळायला हवं, ९९९ च्या नाही. गडबड तिथेच होते.

एक गंमत अजून. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड, १९६७ पासून निघतं, ते २२ कॅरेटचं आहे, अमेरिकेचं ईगलही (१९८६ पासून) २२ चंच. पण दोन्हीचं एका औंसाचं नाणं ३३.९३ ग्राम भरतं आणि त्यात चोख सोनं पूर्ण एक औंस, ३१.१ ग्राम. म्हणजे तांबं-चांदी वरून घातलंय, सोनं कापून नाही. तिकडे कॅनडाचं मेपल लीफ १९८२ पासून ९९९.९ आहे आणि त्यातही तोच एक औंस. दोन्हीत सोनं सारखंच, फक्त एक कडक आणि एक मऊ, चटकन ओरखडे पडणारं. म्हणून नुसती शुद्धता बघून नाणं चांगलं की वाईट ठरत नाही, आत सोनं किती आणि त्यासाठी आपण दिले किती हे बघायचं.

आता खरा हिशोब, वही घ्या

हा एकच भाग वाचलात तरी चालेल. दुकानात काय काय सांगतील ते सांगू देत, तुम्ही शेवटची रक्कम विचारायची, म्हणजे मजुरी आणि ३ टक्के जीएसटी धरून हातात पडेपर्यंत किती. मग त्या रकमेला नाण्यातल्या चोख ग्रामने भागायचं. बस. हा आला तुमचा चोख ग्रामचा खरा भाव. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं.

मावशीला मी असंच चार कागद करून दाखवले (मजुरीचे टक्के उदाहरणाला घेतलेत, दुकानागणिक बदलतात):

९९९ चं साधं दहा ग्राम, मजुरी ३ टक्के. एक लाख, वर तीन हजार, वर जीएसटी, झाले १,०६,०९०. भागिले ९.९९. चोख ग्राम पडला १०,६२० ला.

९९९.९ चं, झकास पॅकिंग, कार्ड, सर्टिफिकेट, देवीचं चित्र, भाव ९९९ चाच धरला आणि वर ८ टक्के मजुरी. झाले १,११,२४०. भागिले ९.९९९. चोख ग्राम ११,१२५.

९९५ चं, भावही ९९५ चा म्हणजे ९९,६०० धरला आणि मजुरी दीड टक्का. साधारण १,०४,१२७. भागिले ९.९५. चोख ग्राम १०,४६५.

९१६ चं, भाव साधारण ९१,७००, मजुरी ४ टक्के. ९८,२२९ झाले. दिसायला सगळ्यात स्वस्त, नाही का? भागिले ९.१६ करा, चोख ग्राम १०,७२४. साध्या ९९९ पेक्षा महाग!

मावशी बराच वेळ त्या चार कागदांकडे बघत बसली. मग म्हणाली, म्हणजे ते सगळ्यात शुद्ध म्हणून सांगत होते ते सगळ्यात महागडं सोनं. हो. नव्वद रुपयांच्या जादा सोन्यासाठी पाच हजार जास्त. अर्थात उलटही होतं, कधी ९९९.९ वाल्याची मजुरी कमी असते आणि ९९९ वाला अडवून बसतो, म्हणूनच नावावर जाऊ नका, भागाकार करा.

भाव कुठला धरायचा, तर आयबीजेए (सराफांची देशभरची संघटना) रोज ९९९, ९९५, ९१६, ७५० आणि ५८५ असे वेगवेगळे भाव जाहीर करते, त्यात जीएसटी आणि मजुरी नसते, तो पाया म्हणून चांगला. आपल्या इंदूरच्या पेपरात सराफा भाव येतात त्यात "सोना कैडबरी रवा नकद" म्हणजे रोखीचा वेगळा, "सोना आरटीजीएस" म्हणजे बँकेतून पैसे भरण्याचा वेगळा आणि ९१.६० चा वेगळा असतो (लहानपणी मला वाटायचं सराफ्यात चॉकलेटपण विकतात, रात्री खाऊ-गल्ली लागते तर का नाही). तुम्ही पक्कं बिल घेणार तर बघायचा आरटीजीएसवाला, आणि त्यात जीएसटी धरलाय की नाही हे तिथेच विचारून घ्यायचं, नाहीतर दोनदा लागेल आणि कळणारही नाही.

मग कोणाला काय

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पैसा गुंतवायचाय, पाच-दहा वर्षं हात लावायचा नाही, तर ९९९ चं, हॉलमार्क असलेलं, सीलबंद, साध्या शिक्क्याचं नाणं. ९९५ स्वस्त मिळालं आणि तुमचा सराफ परत घेताना ९९५ च्याच भावाने घेतो हे माहीत असेल तर तेही छान. पण अनोळखी दुकानात विकायला गेलात तर ९९९ वर वाद कमी होतात, त्या चारशे रुपयांत डोक्याची शांती येते म्हणा.

९९९.९ साठी जास्त पैसे मोजायचं कारण मला तरी एकच दिसतं, परत घेणारा त्याच ब्रँडचा असेल आणि त्याचा भाव तो लेखी देत असेल. एमएमटीसी-पॅम्पची हरियाणातली रिफायनरी लंडनच्या एलबीएमएच्या (तिथल्या सोन्याच्या बाजाराची संस्था) मान्यताप्राप्त यादीत आहे, त्यांची नाणी ९९९.९ ची येतात, नाव ओळखीचं म्हणून खपायला सोपी. पण तिथेही भागाकार आधी. सरकारचं अशोकचक्रवालं इंडियन गोल्ड कॉइन नोव्हेंबर २०१५ मध्ये आलं, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, ते ९९९ चं आहे आणि बीआयएस (सरकारची मानक संस्था) हॉलमार्कसकट. म्हणजे सरकारलासुद्धा चौथा नऊ गरजेचा वाटला नाही.

९१६ कधी घ्यायचं? लेकीच्या लग्नात त्याच दुकानात दागिन्यात बदलायचंय हे पक्कं असेल तर. काही सराफ स्वतःचं २२ कॅरेटचं नाणं वजनाला वजन, काही न कापता बदलून देतात, मग ते बरं पडतं, कारण दागिना २२ चाच होणार आहे. ही अट मात्र बिलावर लिहून घ्या, तोंडी "अपना ही घर है भाभीजी" ला काही अर्थ नाही. आणि गिन्नी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. आपल्या घरांमध्ये गिन्नीचं भारी कौतुक, मावशीकडेही तिच्या सासूबाईंची एक आहे. खरी ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रामची, २२ कॅरेटची, आत ७.३२ ग्राम चोख. बोलताना लोक सरसकट आठ ग्राम म्हणतात. जुनी असेल तर ती विकू नका म्हणेन, निदान गाळायला तरी देऊ नका, आधी साल आणि टाकसाळीची खूण बघा, १९१८ मध्ये तर मुंबईच्या टाकसाळीतही पाडल्या होत्या. नवी मात्र फक्त हौसेपोटी घ्यायची असेल तर ती हौस म्हणूनच वहीत लिहा, गुंतवणूक म्हणून नको.

दुकानात गेल्यावर

सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा की दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झालाय (२३ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा ओळख क्रमांक, १ एप्रिल २०२३ पासून), पण नाणी, बिस्किटं, बार या सक्तीतून वगळलेले आहेत. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं सोनं आहे म्हणजे हॉलमार्क असणारच. नाही. मागावा लागतो. नाण्यांचा हॉलमार्क ९९९ आणि ९९५ साठी असतो आणि तो बीआयएसची परवानगी असलेली रिफायनरी किंवा टाकसाळच मारते, गल्लीतला सोनार नाही. म्हणून नाण्यावर किंवा पॅकवर बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि रिफायनरीची खूण, तिन्ही शोधा. चष्मा घेऊन जा, अक्षरं बारीक असतात, मावशीने सरळ मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचलं.

दुकानातलं मशीन, ज्यात नाणं ठेवलं की टंच (शुद्धता) स्क्रीनवर येतो, ते एक्स-रेवर चालतं आणि वरवरचाच थर वाचतं. रोजच्या कामाला ठीक, पण आत वेगळं काही असलं तर ते सांगणार नाही. कसोटीच्या दगडाचंही तेच. घरी पाण्यात बुडवून घनता काढायचा प्रयोग काहीजण करतात, दहा ग्राम चोख सोनं साधारण अर्धा मिली पाणी सारतं, २२ कॅरेटचं थोडं जास्त, त्याने पितळ लगेच पकडलं जातं. पण टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की तिथे हा प्रयोग फसतो. खात्रीची पद्धत म्हणजे आगीतली तपासणी, फायर अॅसे, पण त्यात थोडं सोनं काढून गाळावं लागतं, नाण्याची वाट लागते. त्यामुळे तपासण्यापेक्षा मूळच विश्वासाच्या ठिकाणाहून आणि सीलबंद घेणं सोपं. सील कधीच फोडू नका. आमच्या वहिनीने हौसेने ९९९ च्या नाण्याला कडी लावून गळ्यात घातलं, आता कडी जोडताना लावलेल्या डागामुळे कोणी ते ९९९ धरत नाही आणि मऊ सोन्यावरची लक्ष्मी पण अर्धी झिजली.

वजन किती मोठं? एक-दोन ग्रामच्या नाण्यांवर ग्राममागे मजुरी सगळ्यात जास्त बसते, भागाकार केलात की लगेच दिसेल. धनतेरसला अर्धा ग्राम घेणं हा सण आहे, घ्या, मीही घेतो. पण पन्नास ग्राम जमवायचंय तर एक-एक ग्रामची पन्नास नकोत. आणि पन्नासचं एकच बिस्किटही नको, कारण उद्या एक लाखाची गरज पडली तर बिस्किट तोडता येत नाही. दहा-दहाची चार आणि पाचची दोन, असं काहीतरी. कर्जाचंही बघा, बारवर, बिस्किटावर कर्ज मिळत नाही, नाण्यांवर ५० ग्रामपर्यंतची मर्यादा आहे, आणि कोणती नाणी चालतील ते आपल्या बँकेला आधी विचारलेलं बरं.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी मी एका बँकेतून नाणं घेतलं होतं, परदेशी, ९९९.९, चकाचक कार्डात. बाजारभावापेक्षा चांगलंच महाग होतं पण बँक आहे म्हणजे चोख असणार या भरवशावर घेतलं, आणि चोख होतंच ते. विकायला गेलो तेव्हा कळलं की बँका नाणी विकतात पण परत घेत नाहीत, त्यांना तशी परवानगीच नाही. मग सराफ्यात नेलं, त्याने सील कापलं, मशीनवर ठेवलं, ९९९ च्या भावाने धरलं आणि वर दोन टक्के कापले. चौथ्या नऊचे पैसे कोणी दिले नाहीत. तेव्हापासून विकत घेण्याआधी विचारतो, हेच नाणं आज संध्याकाळी परत आणलं तर किती द्याल? उत्तर एका आकड्यात आलं तर दुकान ठीक. गोलगोल बोलायला लागला तर चहा पिऊन निघा.

वरच्या उदाहरणातच बघा, १,०६,०९० ला घेतलेलं ९९९ चं नाणं एक टक्का कापून परत दिलं तर ९९,००० हातात येतात. म्हणजे भाव सात टक्क्यांच्या वर चढला की मग कुठे मुद्दल निघतं. आठ टक्के मजुरीवाल्याला बारा टक्क्यांच्या वर चढ लागतो.

बिल, टॅक्स, लॉकर (कंटाळवाणं आहे पण वाचा)

बिलावर वजन, शुद्धता आकड्यात, त्या दिवसाचा भाव, मजुरी वेगळी, जीएसटी वेगळा, इतकं पाहिजेच. नुसतं "गोल्ड कॉइन १ नग" असं बिल आलं तर परत द्या. दोन लाखांच्या वर पॅन लागतो आणि दोन लाख किंवा जास्त रोख कोणी घेऊच शकत नाही, म्हणून चेक नाहीतर ऑनलाइन.

एक गैरसमज घराघरात आहे, की बाईच्या नावाने पाचशे ग्रामपर्यंत कोणी विचारत नाही. ती १९९४ ची सूचना आहे, विवाहित स्त्री ५००, अविवाहित २५०, पुरुष १०० ग्राम, पण ती झडतीत दागिने जप्त न करण्याबद्दल आहे, दागिन्यांबद्दल. नाणी आणि बार त्यात येत नाहीत. म्हणून नाण्यांची बिलं दागिन्यांच्या बिलांपेक्षा जास्त जपायची.

विकताना नफ्यावर टॅक्स: २३ जुलै २०२४ नंतरच्या नियमाने २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं तर साडेबारा टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. त्याच्या आत विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. वारसाने आलेलं असेल तर मूळ घेणाऱ्याची तारीख आणि किंमत धरतात, म्हणजे पुन्हा बिल!

लॉकरबद्दल एवढंच की चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाने केलेला घोटाळा झाला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट, तेवढीच. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत सहा लाखांची नाणी ठेवून निर्धास्त झोपणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा, आणि घरच्या विम्यात लॉकरमधलं सोनं येतं का ते विचारावं.

विकायला जाल तेव्हा

घाई असेल त्या दिवशी जाऊ नका, निदान दोन दुकानं फिरायला वेळ ठेवा. मूळ बिल आणि सीलबंद पॅक घेऊन आधी जिथून घेतलं तिथेच. भाव विचारताना तुमच्या शुद्धतेचा विचारा, कारण ९९९ घेऊन गेलेल्याला बावीसचा बोर्ड दाखवून हिशोब सांगितलेले मी पाहिलेत. कपात टक्क्यात किती ते सील कापायच्या आधी ठरवा, सील कापल्यावर तुमची बाजू निम्मी झाली समजा. आणि कोणी म्हणालं की गाळूनच टंच काढावा लागेल, तर सील नसलेल्या जुन्या नाण्याला ते चालेल, पण समोर उभं राहून, गाळायच्या आधीचं वजन आणि नंतरचं वजन, दोन्ही वेळी काट्याचा फोटो काढायचा.

मावशीने शेवटी दहा-दहाची चार ९९९ ची नाणी घेतली, साध्या शिक्क्याची, अडीच टक्के मजुरीवर, ती पण सव्वातीन टक्क्यांवरून अर्धा तास घासून खाली आणलेली. दुकानदार म्हणाला, आंटीजी आप मैथ्स पढ़ाती थीं क्या? ती म्हणाली, नाही, मराठी.